सत्याची भातुकली

२०१७ सालची दिवाळी आम्ही उभयतांनी चिरंजीवांकडे अमेरिकेत केली. भाऊबीज आटोपल्यावर वॉशिंग्टन पाहावयास गेलो. व्हाइट हाउस बाहेरून पाहून जवळच्याच रेनविक कलादालनात शिरलो, तो हाती विजेरी आली. मंद उजेडात काचेआड चिमुकली घरे मांडली होती. "अगबाई, ही तर भातुकली!" सौभाग्यवती उद्गारल्या. जवळ जाऊन पाहतो, तो घरोघरी प्रेत!

ही भातुकली फ्रान्सिस ग्लेसनर ली (१८७८-१९६२) या शिकागोच्या धनाढ्य घराण्यातील बाईंची. हार्वर्ड विद्यापीठातील न्यायवैद्यक विभाग १९३१ साली त्यांच्याच देणगीने उभा राहिला. मृत्यू घडलेल्या जागी विद्यार्थ्यांचा तांडा कसा न्यावा? म्हणून खऱ्या प्रकरणांच्या आधारे, फुटास इंच या प्रमाणात, त्यांनी खोल्याच रचल्या. बाहुल्यांचे मोजे टाचण्यांवर विणलेले! १९४५ पासून भरणाऱ्या वर्गांत पोलीस अधिकारी एकेका खोलीपाशी दीड तास उभे राहत. रीतही ठरलेली : डावीकडून आरंभ करून, प्रदक्षिणा घालीत मध्याकडे यावयाचे. प्रेताकडे एकदम धाव घ्यावयाची नाही.

या वर्गास पेरी मेसनचे जनक अर्ल स्टॅन्ली गार्डनर हेही येऊन बसत. स्वतः वकील, कादंबऱ्यांचा खप अफाट. तरी शिकावयास आले. १९४९ ची एक कादंबरी त्यांनी बाईंना अर्पण केली. निरपराध असून शिक्षा भोगणाऱ्यांची प्रकरणे पुन्हा तपासण्याचे कामही त्यांनी १९४८ पासून हाती घेतले होते.

हे वाचताना आम्हांस आमची लेखणी आठवली. बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर पोसलेल्या आम्ही इंदुरात एका दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहिली होती. चोर घरगडी, हे पहिल्या ओळीआधीच ठरलेले. मग ठसे आणि डाग सोयीने पेरले. कथेत ते खपले. पुढे वाड्यात बांगड्या हरवल्या, तेव्हाही आमचे बोट गड्याकडेच वळले. आठ दिवसांनी बांगड्या धान्याच्या कोठीत सापडल्या. गडी तोवर काम सोडून गेला होता. त्याची क्षमा मागणे राहूनच गेले.

एका स्वयंपाकघरापाशी सौभाग्यवती बराच वेळ थबकल्या. खाली पडलेली गृहिणी, गॅस उघडा, दाराच्या फटींत वर्तमानपत्रे कोंबलेली. पण बटाटे अर्धवट सोललेले. "हातातले काम असे टाकून कुणी मरायला बसते का?" त्या म्हणाल्या. आम्ही लगेच म्हणालो, "मग नवऱ्यानेच मारले!" त्यांनी आमच्याकडे केवळ पाहिले. आमची प्रदक्षिणा अजून निम्मीही झाली नव्हती.

उत्तर तेथे लिहिलेले नव्हते. हार्वर्डमधील विभाग बंद पडल्यावर या खोल्या बाल्टिमोरच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांच्या कचेरीत गेल्या. तेथे त्या आजही शिकविण्याच्या कामी येतात, म्हणून उत्तरे गुप्तच ठेवली आहेत.

विजेरी परत करून आम्ही बाहेर आलो. रस्ता ओलांडताना सौभाग्यवतींनी हळूच विचारले, "आपला तो गडी कुठल्या गावचा होता हो?"

आम्हांस सांगता आले नाही. कथेत तेवढे लिहिण्याची गरजच पडली नव्हती.