आगीचे कारण

न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन. १९५० च्या दशकाची सुरुवात. इल्से ह्यूमन आपल्या पाच वर्षांच्या मुलीला चाकांच्या खुर्चीत बसवून घराजवळच्या सरकारी शाळेत घेऊन गेल्या. दीड वर्षाची असताना ज्युडीला पोलिओ झाला होता. शाळेच्या पायऱ्या आल्या तेव्हा आईने खुर्ची मागे कलती करून एकेक पायरी वर ओढली. मुख्याध्यापकांनी मात्र प्रवेश दिला नाही. त्यांनी सांगितलेले कारण अपंगशिक्षणाच्या इतिहासात पुढे प्रसिद्ध झाले: आग लागली तर ही मुलगी धोक्याची ठरेल.

शिक्षण मंडळाने घरी एक शिक्षिका पाठवली. आठवड्याला अडीच तास. बाकीच्या मुलांचा शाळेतला अर्धा दिवसही याहून मोठा असतो.

इल्से आणि त्यांचे पती वर्नर हे दोघे हिटलरच्या जर्मनीतून लहानपणी अमेरिकेत आलेले ज्यू. मागे राहिलेले त्यांचे आईवडील नरसंहारात मारले गेले. ज्युडीला संस्थेत ठेवून द्या, असा सल्ला डॉक्टरांनी दिला तेव्हा दोघांनीही तो ऐकला नाही. जर्मनीत १९३९ पासून अपंग बालकांना ‘उपचारा’च्या नावाखाली संस्थांत नेऊन ठार मारले जात होते, हे लक्षात घेतले की या नकाराचे वजन कळते.

त्या मुख्याध्यापकांना एकट्याला दोष देणे सोपे आहे, पण कायदाच त्यांच्या बाजूने होता. १९१९ साली विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने मेरिट बीटी या मुलाला शाळेबाहेर ठेवण्यास मान्यता दिली होती. बीटी अभ्यासात मागे नव्हता. त्याचे बोलणे अडखळत असे, चेहरा वाकडा होई, तोंडातून लाळ गळे. त्याच्याकडे पाहून शिक्षक आणि विद्यार्थी यांना त्रास होतो, एवढेच कारण पुरेसे मानले गेले. म्हणजे अडचण पाहणाऱ्यांची आणि शिक्षा मुलाला. १९५४ मध्ये ‘ब्राउन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व शिक्षणात अमान्य केले. पण अपंग मुलांचा त्यात विचार नव्हता.

नवव्या वर्षी ज्युडीला अखेर शाळा मिळाली, तीही तळघरातला एक स्वतंत्र वर्ग. नऊ वर्षांच्या मुलांपासून एकवीस वर्षांच्या तरुणांपर्यंत सारे एकत्र. वरच्या मजल्यावरची मुले त्यांना ‘वरची मुले’ म्हणूनच ठाऊक. पुढे माध्यमिक शाळेची वेळ आली, तेव्हा अशा मुलांना पुन्हा घरीच बसवण्याची प्रथा होती. इल्से आणि इतर आयांनी मंडळाच्या मागे लागून ती मोडून काढली. अपंगहक्कांच्या चळवळीचा इतिहास बहुधा न्यायालयांपासून सांगितला जातो. त्याचा आरंभ अशा आयांच्या हेलपाट्यांत आहे.

१९७० साली पदवीधर ज्युडी ह्यूमन यांनी शिक्षिकेच्या परवान्यासाठी अर्ज केला. लेखी परीक्षा पार पडली, तोंडी परीक्षा पार पडली, वैद्यकीय तपासणीत त्यांना नापास केले गेले. आग लागली तर त्या स्वतःला आणि मुलांना बाहेर कशा काढणार? तेच कारण, सतरा-अठरा वर्षांनंतर. पोलिओ झालेला माणूस या देशात राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो, शिक्षक नाही, असा टोला वृत्तपत्रांनी मारला. रोख अर्थातच रूझवेल्ट यांच्याकडे होता.

ह्यूमन यांनी मंडळावर दावा लावला. तो ज्यांच्यासमोर आला त्या न्यायाधीश होत्या कॉन्स्टन्स बेकर मॉटली: संघराज्य न्यायालयातील पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश, आणि वकील असताना ‘ब्राउन’ खटल्याच्या तयारीत सहभागी असलेल्या. फेरविचार करा, असे त्यांनी सुचवताच मंडळाने माघार घेतली. ह्यूमन यांना नोकरी मिळाली ती त्यांच्याच जुन्या शाळेत, जिच्या तळघरात त्या शिकल्या होत्या.

पुढचा वेग मोठा आहे. १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील आणि वॉशिंग्टनमधील दोन खटल्यांत निर्णय झाला की अपंग मुलाला सरकारी शिक्षण नाकारता येणार नाही. वॉशिंग्टनच्या न्यायालयाने तर पैसे नाहीत ही सबबही फेटाळली. १९७५ मध्ये काँग्रेसने कायदा केला, तेव्हा नोंद अशी होती की देशात ऐंशी लाखांहून अधिक अपंग मुले आहेत आणि त्यांपैकी दहा लाख शाळेच्या पूर्णपणे बाहेर आहेत. हा कायदा घडवणाऱ्यांत सिनेटच्या समितीसाठी काम करणाऱ्या ज्युडी ह्यूमनही होत्या.

पण १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेत अपंगांशी भेदभाव करण्यास मनाई, अजून कागदावरच होते. नियमांवर सही होत नव्हती. ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दीडशेच्या आसपास माणसे सरकारी कचेरीत शिरली आणि तिथेच राहिली. टेलिफोन तोडले गेले, तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप दिले. ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते रोज गरम जेवण आणत.

त्याच इमारतीत झालेल्या सुनावणीत सरकारचे प्रतिनिधी नियमांतील प्रस्तावित बदल सांगत होते. बोलता बोलता अपंग मुलांच्या शाळांबद्दल तेच शब्द आले: वेगळ्या, पण समान. १९५४ मध्ये मोडीत निघालेले शब्द. ह्यूमन यांचा कंठ दाटून आला. आता कोणतीही वेगळी व्यवस्था मान्य नाही, असे त्या म्हणाल्या. आणि समोरचा अधिकारी सहानुभूतीने मान हलवत होता, त्याला म्हणाल्या की आमचे म्हणणे कळत नसेल तर निदान मान हलवणे थांबवा.

२८ एप्रिलला सही झाली. आंदोलक ३० तारखेला, नियम वाचून पाहिल्यावरच बाहेर पडले.