एका उखळात दोन मुसळं

आजी आणि काकू एकाच उखळात पोहे कांडायच्या. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. बेंबीतल्या एकाच छेदातून पित्ताशय काढायला लागलो, तेव्हा त्या दोघी मला वारंवार आठवू लागल्या.

नेहमीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बहुधा चार छिद्रं, म्हणजे पोर्ट, असतात. दोन हातांची अवजारं दोन बाजूंनी येऊन पित्ताशयापाशी भेटतात, मधून दुर्बीण बघते. हा त्रिकोण आमच्या हातात मुरलेला. दोन-अडीच सेंटिमीटरच्या एका छेदातून सगळं आत घातलं की तो मोडतो. दांडे समांतर होतात, बाहेर मुठी एकमेकींवर आदळतात, आत टोकं. म्हणून एक अवजार वाकडं घेतो. ते बेंबीपाशी दुसऱ्याला ओलांडतं, आणि उजव्या हातातलं टोक पडद्यावर डावीकडे उगवतं. सुरुवातीला डोकं भणाणून जातं.

यावर मला सापडलेला उपाय एकच : पाळी. डाव्या हातानं पित्ताशय ताणून धरायचं आणि मग तो हात थिजवायचा. उजव्यानं सोडवायचं. दोन्ही एकदम हलवले की फसलंच. दुर्बीण धरणारा सहकारी हा तिसरा कांडणारा. त्याची दुर्बीण लांब आणि तीस अंश तिरकी हवी, म्हणजे त्याची मूठ माझ्या मुठींच्या मागे राहते आणि नजर मात्र बाजूनं पडते. तो चांगला असेल तर निम्मं काम झालं, असं मी मनापासून मानतो.

इटलीतल्या ज्युसेप्पे नवारा आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली हे बेंबीतून केलं, तेव्हा पित्ताशय वर उचलायला पोटाच्या भिंतीतून टाके ओवले होते. मीही प्रोलिनचा एक टाका घालतो. एका हाताचा भार दोऱ्यावर जातो, गर्दी कमी होते.

व्रण बेंबीच्या घडीत लपतो, याचं रुग्णांना अप्रूप असतं. पण इथे हर्नियाचा धोका नेहमीपेक्षा जास्त, हे मी आधीच सांगतो आणि शेवटी पोटाच्या भिंतीचा आतला थर शिवताना अजिबात घाई करत नाही.

पित्ताशयाच्या मुळाशी, कॅलॉटच्या त्रिकोणात, नळी आणि धमनी, दोघीच पित्ताशयात शिरताना स्वच्छ दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही. परवा सूज होती, दिसेना. मी हात थांबवले आणि सिस्टरांना म्हटलं, ‘‘पाच मिलिमीटरचा आणखी एक पोर्ट द्या.’’ त्यांनी तो आधीच काढून ठेवला होता.