सगळ्यात जवळची जमीन

आमच्या हिंगोलीकरांचा समुद्र म्हणजे सिद्धेश्वर धरण! धाकटीला मात्र नेव्हीत जायचंय. घरचे म्हणतात, पोरीला नांदेडच्या पुढं नको. म्हणून सुट्टीत आईला 'तारिणी'ची गोष्ट सांगितली.

गोव्यात बांधलेली ही १७ मीटरची शिडाची बोट. नौदलाच्या दिलना आणि रूपा, दोघीच. ३० जानेवारी २०२५ ला त्या प्रशांत महासागरातल्या पॉइंट नेमोवरून गेल्या. तिथून सगळ्यात जवळच्या जमिनींपैकी एक म्हणजे ड्युसी बेट. ज्वालामुखी खचला, भोवतीचं प्रवाळ वाढत राहिलं अन् पाण्यात नुसतं कंकण उरलं. अंतर सुमारे २७०० किलोमीटर, आणि वस्ती शून्य!

आई म्हणाली, "वापस आल्या का त्या?"

"आल्या की! मे महिन्यात, गोव्याला."

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "हिचे फॉर्म कधी निघतेत?"