मागाहूनचा आनंद

जपानमधील ओकायामा शहरात, असाही नदीच्या बेटावर 'कोराकुएन' नावाची बाग आहे. इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ मध्ये तिच्या कामास प्रारंभ केला व १७०० मध्ये ती पूर्ण झाली. हिवाळा सरता सरता तेथे आलुबुखाराच्या जातीची झाडे फुलतात, मग चेरी, जूनमध्ये आयरिस, भर उन्हाळ्यात कमळे. शरदात मेपलची पाने लालबुंद होतात. १८८४ मध्ये ती जनतेस खुली झाली. १९३४ च्या महापुराने व १९४५ च्या बॉम्बवर्षावाने तिची मोठी हानी झाली; परंतु जुनी चित्रे व आराखडे जपून ठेवलेले असल्यामुळे तिला पूर्वीचे रूप पुन्हा देता आले.

जपानला जाण्याचा योग काही आमच्या नशिबी नाही. आम्ही पाहिले ते कोराकुएनच्या धर्तीवर पुण्यात सिंहगड रस्त्यावर उभारलेले दहा एकरांचे पु. ल. देशपांडे उद्यान. धर्मग्रामातील काही कुटुंबे बरोबर होती. कालव्याचे पाणी तेथे झुळझुळत वाहते, लहानशा पुलाखालून रंगीत मासे फिरतात. मुले हरखून गेली. एक आजी मात्र पुलावर थबकल्या.

"फादर, एवढं पानी निस्तं बघायलाच ठिवलंय का?"

वैशाखात टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभे राहणाऱ्या बाईचा तो प्रश्न होता. सौंदर्यशास्त्राचे चार धडे मी सेमिनरीत गिरवले होते; त्यांतले एकही वाक्य तेथे उपयोगी पडले नाही. मूळ बागेत चहाचा मळा व भाताचे छोटे खाचरही आहे, एवढेच मी त्यांना सांगितले.

"मग त्यो भात खातं कोन?"

प्रश्न अगदी नेमका होता. 'कोराकुएन' हे नाव बागेस १८७१ मध्ये मिळाले. त्यामागे एक जुना चिनी विचार आहे: राज्यकर्त्याने चिंता प्रजेच्या आधी वाहावी आणि आनंद प्रजेच्या मागाहून घ्यावा. बाग रचणाऱ्या सरदाराच्या मनात हा विचार होता, असे मी म्हणणार नाही. सत्ताधीश बागा लावतात त्या बहुधा आधी स्वतःसाठीच. तरीही नाव ठेवणाऱ्याने पुढच्या पिढ्यांना बांधून ठेवले, हे मला मोलाचे वाटते.

आपल्या नगर शहराबाहेर निजामशाहीतील फराहबाग आहे. 'फराह' म्हणजे आनंद. तळ्याच्या मधोमध उभा असलेला तो अष्टकोनी महाल दुसऱ्या सलाबतखानाच्या देखरेखीखाली १५८३ च्या सुमारास पूर्ण झाला. त्या आनंदाला 'मागाहून' हे विशेषण कोणी लावले नव्हते. नगरला परतल्यावर आठवडाभराने मी मुद्दाम तेथे गेलो. भिंती अजून भक्कम आहेत. तळे कोरडे होते, आणि ज्या बागेवरून हे नाव पडले तिचे एक फूलझाडही मला कोठे दिसले नाही.