मृगाआधीची बेगमी

दक्षिण कोकणातल्या घराचे वर्ष पाडव्याला सुरू होते ते पंचांगात. घराचा हिशेब मात्र मृगाला मिटतो. जूनच्या सात-आठ तारखेला मृग नक्षत्र लागते आणि पुढच्या चार महिन्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. डांबरी रस्ते नव्हते तेव्हा व्हाळ भरून साकव वाहून गेला की वाडीचा बाजाराशी संबंध तुटे. मग घरात जे असेल त्यावर दिवस काढायचे. या दिवसांसाठी करून ठेवलेली तरतूद म्हणजे बेगमी. तांदूळ, कुळीथ, मीठ, मिरची, सोले, सुकी मासळी, फणसाची साटे, लाकूडफाटा, शेणी, गुरांचा पेंढा, आणि दुखण्याखुपण्यासाठी चार मुळ्या आणि साली.

असे घर सर्वस्वी स्वतःच्या पायावर उभे असायचे, ही मात्र हौशी समजूत आहे. मीठ मिठागरातून येई. त्यातले शिरोड्याचे मिठागर तर १९३० च्या सत्याग्रहाने देशभर ठाऊक झालेले. कोयता लोहाराचा, मडकी कुंभाराची, सुपे-रोवळ्या बांबू विणणाऱ्याच्या हातच्या, आणि मासळी टोपलीतून दारात येई ती भाताच्या बदल्यात. रोख पैसा लागला तर तो मुंबईत गिरणीत राबणाऱ्या माणसाच्या मनीऑर्डरीने. शाकारणी असो की मळणी, पाच घरची माणसे एका घरी येत आणि मग ती फेड सगळ्यांकडे फिरे. स्वयंपूर्ण असलीच तर ती वाडी होती, तीही अर्धीमुर्धी. एका कुटुंबाने शहर सोडून दोन एकरांत सगळे काही पिकवायचे म्हटले की पहिल्याच वर्षी ज्या गोष्टी अंगाशी येतात, त्यांतल्या बहुतेक बाहेरून येणाऱ्या या दुसऱ्या अर्ध्या भागातल्या असतात.

बेगमीची सुरुवात दिवाळीच्या आगेमागे, भातापासून होते. पावसाने उखणलेले खळे आधी खणून, माती पसरून, पाणी शिंपडून चोपण्याने चोपायचे आणि शेणाने सारवायचे. त्यावर मळणी. भातातला मोठा वाटा उकडायचा असतो. भात भिजत घालून हंड्यात वाफवतात, टरफले उकलू लागली की उतरवून चटईवर वाळत टाकतात. वाळले की नाही हे घड्याळ सांगत नाही. चार दाणे दाताखाली धरायचे. दाणा चिवट लागला तर अजून ऊन हवे, कटकन तुटला तर झाले, आणि त्याहून पुढे गेला तर कांडताना त्याची कणीच होणार. या उकडण्यात एक मोठे शहाणपण आहे. वाफेबरोबर कोंड्यातले थायमिन दाण्याच्या आत उतरते आणि नंतर तांदूळ सडला तरी बरेचसे टिकून राहते. पांढऱ्याशुभ्र सडीक तांदळावर जगणाऱ्यांना बेरीबेरी गाठायचा आणि उकड्या तांदळावर जगणाऱ्यांना सहसा नाही, यामागचे कारण हेच.

खायचे भात शेणमातीने लिंपलेल्या बांबूच्या कणगीत जाते. बियाण्याचे भात तिथे कधी ठेवत नाहीत. ते पेंढ्यात गुंडाळून, पेंढ्याच्याच दोरीने करकचून आवळून त्याची मुडी बांधतात. खाण्याचे आणि पेरण्याचे एका जागी ठेवले की अडचणीच्या महिन्यात हात कशाला लागेल, हे सांगायला नको. कुळीथ, चवळी आणि वालाला चुलीची चाळलेली राख चोळतात. किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो आणि तोच त्याच्या शरीरातले पाणी धरून ठेवतो. राखेच्या बारीक कणांनी तो थर खरवडला जातो आणि किडा सुकून मरतो. बी ओले असेल तर मात्र राखेचा काही उपयोग नाही. उलट बुरशी धरते.

परड्यातल्या भाज्यांचे बी याहून सोप्या रीतीने राखतात. पडवळ, दोडका, तवसे यांचे एकेक चांगले फळ वेलावरच जून होऊ देतात. ते कोवळे असताना कोणी तोडू नये म्हणून त्याला चिंधी बांधतात. दोडका, दुधी अख्खे वाळवून चुलीवरच्या वाशाला टांगतात, धुराने कीड जवळ येत नाही. तवशाचे बी राखेत कालवून स्वयंपाकघराच्या भिंतीला थापटून ठेवतात, मृगात खरवडून काढून पेरतात. चूल गेली, गॅस आला, तेव्हा धुराबरोबर ही बी राखण्याची सोयही गेली. पण त्या धुराने बायकांचे डोळे आणि छात्या पिढ्यान्‌पिढ्या जाळल्या, हेही विसरण्यासारखे नाही.

या सगळ्या खटाटोपाचा कळस म्हणजे वैशाखातला रातांबा, अर्थात कोकमाचे फळ. सावंतवाडी-मालवणकडे आणि गोव्यात त्याला भिरंड म्हणतात. सदाहरित, खाली झुकलेल्या फांद्यांचे हे झाड परड्याच्या कडेला, फारशी निगराणी न मागता वाढते. त्याची एक खोड आहे. नर झाड वेगळे, मादी वेगळे. बी रुजवून लावलेल्या रोपांतली सुमारे निम्मी नर निघतात आणि ते कळते सात-आठ वर्षांनी, फुले आल्यावर. इतकी वर्षे पाणी घालून शेवटी फळ न देणारे झाड पदरात पडले की माणूस काय बोलणार. यावर उपाय मृदुकाष्ठ कलमाचा. मादी झाडाची काडी रोपावर बांधली की नशिबाचा प्रश्न उरत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ ही जात दिली, तीही कलमांनीच लावायची. नर झाडे सगळी तोडून टाकणे मात्र शहाणपणाचे नाही, परागकणांसाठी आसपास एखादे हवेच.

फळे एप्रिल-मेमध्ये लाल होऊन पुढे काळपट जांभळी होतात. तेवढ्यातच वळवाचे ढग डोंगरामागे गोळा होऊ लागतात. म्हणजे पिकण्याची आणि वाळवण्याची वेळ एकच, आणि तीही पावसाच्या तोंडावर. म्हणून मेच्या अखेरच्या पंधरवड्यात घरातले लहानथोर, पाहुणेसुद्धा, रातांब्यांच्या ढिगाभोवती बसलेले दिसतात. फळ फोडायचे, बियांचा आंबटगोड गर एका भांड्यात, साली दुसऱ्यात. बोटे जांभळी होतात आणि आठवडाभर तशीच राहतात, नखांच्या कडा चुरचुरतात. गरात मीठ घालून त्याचा रस सुटू देतात. साली दिवसभर उन्हात, रात्री त्या रसात, सकाळी पुन्हा उन्हात. असे पुट चार-पाच वेळा, हौशी घरी त्याहून जास्त. एकदाच वाळवलेले सोल, म्हणजे आमसूल, कडक होते आणि आमटीत नुसते तरंगते. पुटे दिलेले सोल मऊ, ओलसर, जवळजवळ काळे, आणि मोजकी सोले टोपभर कढीला पुरतात. एकीकडे आंबटपणा आणि मीठ, दुसरीकडे पाण्याचा अभाव, अशा कैचीत बुरशीला जागाच राहत नाही. हे सगळे चिनी मातीच्या बरणीत किंवा लाकडी भांड्यात करायचे. तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवले तर आम्ल धातू खाते आणि सोलांना कळक लागते.

रस साठवायचा तो आगळ. त्यात १५-१६ टक्के मीठ पडते, म्हणून न तापवता, न शिजवता तो वर्षभर टिकतो. त्या मिठाकडे पाहून काही जण हात आखडता घेतात आणि श्रावणात फसफसलेली बरणी परसात ओततात. साखरेत मुरवलेले अमृत कोकम हे त्या मानाने पाहुण्यांचे पेय. रोजच्या जेवणात आगळाचीच सोलकढी असते.

बियाही फुकट जात नाहीत. वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तवंग येतो. तो काढून थंड केला की पांढरट, घट्ट गोळा मिळतो. हे कोकमतेल, काही भागात मुठेल. नाव तेलाचे असले तरी ते अंगाच्या उष्णतेच्या थोडे वर, ३८ ते ४० अंशांना वितळते, म्हणून मे महिन्याच्या दुपारीही फडताळात घट्टच असते. टाचेच्या भेगेला लावताना ते पळीत किंचित तापवतात आणि भेगेत सोडतात. ते तिथेच थिजते आणि भेग बंद करते.

मृगाच्या चार दिवस आधीची घाई वेगळीच. लाकडे पडवीत रचायची, ती अशी की आधी लागणारी बाहेर आणि सुकी आत. पेंढ्याची उडवी शाकारायची. पडवीला झड लागू नये म्हणून माडाच्या चुडतांची झापे विणून उभी करायची. आणि पहिल्या पावसानंतर रानातून टाकळा, भारंगी, शेवळे येऊ लागतात, तेव्हा वैशाखातल्या सोलांचे पहिले काम निघते. अळू आणि शेवळ्यांत कॅल्शियम ऑक्सलेटच्या सूक्ष्म सुया असतात. आंबट न घालता शिजवले तर घसा खाजतो.

औषधांची बेगमी ही अशीच मोजकी असते, आणि तिची किंमत तिची मर्यादा ओळखण्यात आहे. खोकल्याला अडुळशाच्या पानांचा काढा देतात. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध प्रयोगशाळेत घडवले गेले. पण हेच द्रव्य गर्भाशयाचे आकुंचनही करते, म्हणून गरोदर बाईला अडुळसा देत नाहीत. आव पडली की कुड्याचे पाळ, म्हणजे मुळाची साल, ताकात उगाळून. त्यातल्या कोनेसिनचा उपयोग आधुनिक डॉक्टरांनीही अमीबाच्या आवेवर करून पाहिला होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे सातविणीच्या सालीचा कडूजहर रस पिण्याची चाल आहे. साल काढायची ती पाने पाहून, उजेडात. त्याच रानात काजरा, म्हणजे कुचला, वाढतो आणि त्यात स्ट्रिक्निन हे विष असते.

जुलाबांवर मात्र घरातले सगळ्यात खात्रीचे औषध रोजच्या टोपातच असते. उकड्या तांदळाची पातळ पेज, चिमूटभर मीठ घालून, घोट घोट. तांदळातल्या पिष्टापासून हळूहळू सुटणारी साखर आतड्यातून मीठ आणि पाणी आत ओढते. तांदळावर आधारलेल्या जलसंजीवनीचे तत्त्व हेच. पेज नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. विहिरीचे पाणी गढूळले की निवळीच्या बिया उगाळून किंवा शेवग्याच्या बियांची पूड टाकून ते स्वच्छ करतात. गाळ खाली बसतो खरा. पण स्वच्छ दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही, उकळावे लागतेच.

पित्त उठले की अंगाला आमसुलाचे पाणी चोळतात. खाज निवते, पण ओठ सुजले किंवा श्वास लागला तर सोलाची वाटी बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. लावणीच्या दिवसांत चिखल्या आणि भेगा होतात आणि कोकमतेल त्या वेळी नुसते सुख नसते. उंदरांच्या मुतातून चिखलात येणारा लेप्टोस्पायरा हा जंतू फाटलेल्या कातडीतून शरीरात शिरतो. सिंधुदुर्गाने त्याच्या तापाच्या साथी पाहिल्या आहेत. मळ्यात उतरणाऱ्याला ताप भरला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर काढ्यावर एक दिवसही घालवायचा नसतो.

विंचवाचे उदाहरण याहून बोलके आहे. कोकणातला लाल विंचू डसला की मुळी उगाळून लावणे, मंत्र घालणे, जळता चटका देणे असे सगळे होई, आणि बरीच माणसे, विशेषतः मुले, हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन मरत. महाड तालुक्यात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध वापरून दाखवले आणि गंभीर दंशांतले मृत्यू चाळीसेक टक्क्यांवरून एका टक्क्याच्या जवळ आले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. सापाचेही तेच. दंशाच्या जागी कापणे, रक्त चोखणे, दोरी आवळणे यांतले काही करायचे नाही. तो अवयव हलू न देता माणसाला प्रतिविष मिळेल तिथे पोहोचवायचे. साकव वाहून गेलेल्या वाडीत हेच सर्वात कठीण होते आणि बेगमीच्या कोणत्याही यादीत त्याची सोय नव्हती.

गौरी-गणपतीत घर भरते आणि साठा झपाट्याने उतरतो. फणसाची साटे संपतात, मिरचीच्या बरणीचा तळ दिसू लागतो, लाकडांच्या रचेतली आतली ओळ बाहेर येते. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास कापायला होते, तोवर कणगीत जेमतेम पाचसहा पायली राहावे असा अंदाज असतो. राखेतले कडधान्य किडले असेल तर ते गुरांच्या आंबोणात जाते, चुलीची राख माडांच्या मुळांशी. उरलेली सोले तोवर कडक होऊन चव गमावून बसतात. ती दिवाळीआधी पाण्यात भिजत घालतात आणि त्यांनीच तांब्याचे हंडे, पितळेच्या समया घासून काढतात.