पहिले वाक्य

मराठीचा तास सुरू होण्यापूर्वी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एखाद्या पुस्तकाचे पहिले वाक्य लिहून ठेवावयाचे, असा माझा अनेक वर्षांचा परिपाठ होता. पुस्तकाचे नाव सांगावयाचे नाही आणि लेखकाचेही नाही. मुले वर्गात येत, वाक्य वाचीत आणि तर्क लढवीत. कोण बोलत आहे? आपण कोठे उभे आहोत? आता पुढे काय व्हावे असे वाटते? एवढे तीनच प्रश्न मी विचारीत असे. श्रीपूर हे साखर कारखान्याचे गाव. आमच्या मुलांच्या घरी पुस्तके बेताचीच असत. पण वाक्याला पैसे पडत नाहीत.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तिच्या आरंभी एक तरुण मास्तर नव्या नोकरीच्या गावाकडे पायी निघालेला आहे. ती ओळ वाचून वस्तीवरून रोज चालत येणारी एक मुलगी पटकन म्हणाली, "गुरुजी, हे लिहिणारा माणूस खरंच चालला असणार." इतके नेमके रसग्रहण मी एम. ए. च्या वर्गातही ऐकले नव्हते. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये यमू स्वतःच आपली कहाणी सांगू लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका स्त्रीने 'मी' म्हणून बोलावे, यात केवढे धैर्य होते, हे मुलांना समजावण्यात माझा एक अख्खा तास गेला. ज्ञानेश्वरमाउलींनी ग्रंथारंभी गणेशाला वंदन केले, ते त्याच्या ठायी साक्षात वाङ्मयाचे रूप पाहून. वेद हे त्याचे शरीर आणि पुराणे हे त्याचे अलंकार. हे ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी मुलांनी शाळेतल्या गणपतीच्या तसबिरीकडे निराळ्याच नजरेने पाहिले.

सगळ्याच थोर ग्रंथांचे पहिले वाक्य थोर असते, असे मात्र नाही. काही ग्रंथ बसलेल्या बैलासारखे सावकाश उठतात. पण उठले की शिवार नांगरून टाकतात. मुलांना मी हेही सांगत असे.

एकदा एका विद्यार्थ्याने मला चांगलेच अडचणीत आणले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. तिच्या आरंभी आईबापांविषयी एक सर्वसाधारण विधान आहे. टॉलस्टॉयची 'ॲना कॅरेनिना' ही कादंबरीदेखील कुटुंबांविषयीच्या अशाच एका विधानाने सुरू होते आणि मग एका विस्कटलेल्या घरात शिरते. "मग आम्ही निबंधाच्या आरंभी असे विधान केले, तर तुम्ही त्याला पोकळ का म्हणता?" असा त्याचा प्रश्न होता. मी उत्तर दिले, "त्या विधानाखाली त्यांचे स्वतःचे घर आहे. तुझ्या विधानाखाली काय आहे?" उत्तर मला फार आवडले होते. आज ते आठवले, की मान खाली जाते.

कारण त्याच वर्षी माझ्या हातून एक गोष्ट घडली. दिवाळीनंतर गाळप हंगाम सुरू झाला, की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येत. कारखान्याच्या आसपास उसाच्या वाळल्या पाचटाच्या कोपी उभ्या राहत आणि वर्गात चारदोन नवी मुले येऊन बसत. त्यांतल्या एकाने 'माझी शाळा' या निबंधाचा आरंभ असा केला होता : "माझी शाळा दिवाळीनंतर बदलते." ते वाक्य मी तांबड्या शाईने खोडले. 'सुरुवात विषयाला धरून नाही' असा शेरा दिला आणि वर स्वच्छ अक्षरांत लिहिले, "शाळा हे विद्येचे पवित्र मंदिर आहे." फळ्यावरची वाक्ये पारखणारा मी, समोरच्या वहीतले वाक्य मला दिसले नाही. उन्हाळ्याच्या तोंडी हंगाम संपला, टोळी परतली आणि वहीही गेली.

ते वाक्य माझ्या मनात उगवले, ते पावसाळ्यात. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी आमच्या भागातून जाते. दिंडीबरोबर चालणारे एक पोर पाहून मला तो मुलगा आठवला आणि त्यामागून त्याचे वाक्यही आठवले. त्यात कोण बोलत आहे, ते होते. आपण कोठे आहोत, ते होते. आणि पुढचे ऐकण्याची ओढही होती. माझे तिन्ही प्रश्न त्याने सहा शब्दांच्या आतच सोडविले होते.

पुढच्या दिवाळीनंतर तो परत आला, तेव्हा मला मोठा आनंद झाला. या वेळी मी मुद्दाम 'माझे घर' हा विषय दिला. कोपीतल्या त्या मुलाची वही मी सर्वांत आधी उघडली. पहिले वाक्य होते, "घर हे मायेचे पवित्र मंदिर आहे." अक्षरही माझ्या अक्षराच्या वळणाचे होते.

मी त्याला जवळ बोलावले आणि म्हटले, "बाळ, हे राहू दे. तुझे घर कसे आहे, ते मला नुसते सांग."

तो गोंधळला. "कोन्त्या घराचं सांगू, गुर्जी? गावाकडल्या का हितल्या?"

"हेच लिही," मी म्हणालो. "अगदी असेच. हेच तुझे पहिले वाक्य."

त्याने ते लिहिले. परंतु मंदिराच्या वाक्याखाली. वरचे वाक्य खोडून टाक, असे मी दोनदा सांगितले, तरी त्याचा हात धजेना.

"त्ये तुमीच दिलं व्हतं," तो म्हणाला.