तिथीचा वाढदिवस

आमच्या पिढीला वाढदिवस नव्हता. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांची जन्मतारीख १ जून लिहून टाकली. त्यामुळे कागदावर निम्मा वर्ग एकाच दिवशी जन्मला. आई एवढंच सांगायची, “तू नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशीचा.” त्या दिवशी तिला आठवलं तर ती ओवाळायची, नाहीतर बेणणीच्या गडबडीत दिवस सरून जायचा.

नातीचं तसं नाही. ती १२ फेब्रुवारी २०१९ ची. तिला केक लागतो, फुगे लागतात आणि आजोबा लागतो. केक-फुगे दरवर्षी मिळायचे. आजोबाची मात्र खात्री नसायची.

आमचं घर जुव्यावर. खाडीतल्या बेटाला आमच्याकडे जुवा म्हणतात. चारी बाजूंनी पाणी, मधे माड, थोडी भातजमीन आणि घरं. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर, पण हाक पोचते म्हणून माणूस पोचतो असं नाही. ओहोटीला धक्क्याखालचं पाणी निघून जातं आणि होडी चिखलात बसते. चालत जावं तर कंबरेएवढा गाळ, आणि त्यात कालवांच्या शिंपल्या पाय कापतात. म्हणून इथं घड्याळाआधी तिथी बघतात. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते. पुनवेला आणि अवसेला बाराच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, पण ठोकताळा चुकत नाही. वडिलांनी हा हिशेब मला पाढ्यांच्या आधी शिकवला.

चौदा वर्षांपूर्वी मी कासवांच्या कामात पडलो. आमच्या लहानपणी वाळूत कासवाची अंडी सापडली की ती खायची, उरली तर विकायची. मीही खाल्ली आहेत, खोटं कशाला बोलू? २००२ साली सह्याद्री निसर्गमित्रच्या लोकांनी वेळासला घरटी राखायला सुरुवात केली आणि हळूहळू ते वारं गावखडी, वेत्ये, माडबनपर्यंत आलं. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूत चढते, दीड फुटाचा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि खड्डा बुजवून निघून जाते. पुन्हा मागं बघत नाही. कुत्री-कोल्ही यायच्या आत ती अंडी उचलून कुंपणातल्या खड्ड्यात ठेवायची. उचलताना अंडं फिरवायचं नाही, वरची बाजू वरच राहिली पाहिजे. पुढं पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं निघतात. म्हणजे डिसेंबरात पुरलेलं फेब्रुवारीत निघणार. नातीचा वाढदिवस नेमका त्यातच.

२०२४ साली त्या तारखेला मी वेळासला होतो. आमच्याकडून वेळास म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. नवीन पोरांना घरटं कसं हलवायचं ते दाखवायला गेलेलो. फोनवर नात म्हणाली, “पुढच्या वर्षी नक्की ना?” मी म्हटलं, “नक्की.”

पुढच्या वर्षी १२ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा आली. मुलानं मुंबईहून दोन दिवसांची रजा काढली होती. पहाटेच्या फेरीला मी नाही म्हटलं होतं. दुपारी बाराच्या भरतीला होडी घेऊन बाहेर पडलो, बाजारातून केक घेतला. तीनपर्यंत परत फिरायचं ठरलेलं. जाता जाता कुंपणात एक नजर टाकू म्हणून किनाऱ्यावर गेलो, तर एका घरट्यावरची वाळू खचलेली. वाळू खचली म्हणजे आत पिल्लं हलली. जोडीदार तापानं घरी पडलेला. उन्हात पिल्लं वर आली तर भाजून निघतील, म्हणून टोपलीवर ओलं गोणपाट टाकून बसलो. ऊन उतरल्यावर ती निघाली, ब्याऐंशी मोजली. एकेक करून समुद्राकडं गेली.

धक्क्यावर आलो तेव्हा सहा वाजून गेले होते. उधाणाची ओहोटी, खाडीच्या तळाचा गाळ दिसत होता. होडी एका कुशीवर कलंडलेली. समोर आमच्या घराचे दिवे लागले, पोरांचा गलका ऐकू येत होता. मी पायरीवर केकचा खोका मांडीवर घेऊन बसलो. पाणी होडीखाली यायला साडेआठ झाले. घरी पोचलो तर नात नवा फ्रॉक घालूनच झोपलेली. आजीनं तिला रव्याच्या लाडवावर मेणबत्ती लावून दिली होती. केक खोक्याला चिकटून बसला होता.

मुलगा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, “बाबा, पेपरात तुमचा फोटो येतो तेव्हा आम्हाला बरं वाटतं. पण ती पेपर वाचत नाही.”

मला उत्तर सुचलं नाही. शिवाय पहाटे सहाला पुन्हा ओहोटी, म्हणजे उजाडायच्या आत किनाऱ्यावर पोचायचं तर रात्री दोनलाच होडी काढायला हवी होती. काढली. ही कंदील घेऊन धक्क्यापर्यंत आली. इतकी वर्षं माझ्या मागं गुरं, माड, शेत तिनंच बघितलं, तिचा वाढदिवस मला आजही ठाऊक नाही. होडीचा दोर सोडताना ती म्हणाली, “पोर रथसप्तमीची. तारखेला कशाला धरून बसलाव? तिथीनं करा की.”

मी वल्ही मारता मारता हिशेब केला. सप्तमीची भरती सव्वापाचला. दरवर्षी सव्वापाचलाच! तारीख दरवर्षी वेगळ्या पाण्यावर येते, तिथी त्याच पाण्यावर. शिवाय सप्तमी-अष्टमीला भांगाचं पाणी. ते फार चढत नाही, म्हणजे घरट्यांना धोका कमी. फार उतरतही नाही, म्हणजे होडी अडकायची भीती कमी. हा हिशेब मी जन्मभर मासळीसाठी, भाताच्या पोत्यांसाठी, कासवांसाठी केला. घरच्या माणसांसाठी करायचा कधी सुचलं नाही.

यंदा रथसप्तमी २५ जानेवारीला आली, त्यात रविवार. चारच्या पाण्यावर बाहेरचे पाहुणे आले. सव्वापाचला केक कापला, सूर्य अजून वर होता. आजीनं ओवाळलं. साडेसातला पाहुण्यांना सोडायला निघालो, तसाच पुढं किनाऱ्यावर फेरीला गेलो. यंदा कुणाला काही समजवावं लागलं नाही. शाळेत गोळ्या वाटायला १२ तारीख आहेच, ती नातीनं सोडली नाही.

होडीत चढताना तिनं विचारलं, “आजोबा, तुमची तिथी कुठली?”

“नारळी पुनवेनंतरची प्रतिपदा.”

तिनं बोटं मोजली. एकाची पाऊणपट तिला जमेना, मी सांगितली. पुनवेचे बारा, वर पाऊण तास.

“म्हणजे दुपारी केक आणता येईल,” ती म्हणाली.

मग जरा थांबून म्हणाली, “आणि आजीची?”

ती विचारायची अजून राहिली आहे.